धावणे आणि पोहणे सांभाळून ३७व्या वर्षी ज्युदो: कसे जमवावे?

टेकडीवाली

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण उत्तर देणाऱ्यांना उलट विचारत बसावे लागू नये म्हणून सगळे आधीच सांगून टाकते.

मी पुण्यात राहते, वय ३७, महाविद्यालयात गणित शिकवते. गेली सहा वर्षे नियमित धावत असून आठवड्याला साधारण ४५ ते ५० किलोमीटर होतात: मंगळवारी वेगाचा सराव, गुरुवारी वेताळ टेकडीवर चढ-उतार, रविवारी लांब पल्ला आणि शनिवारी जमल्यास सावकाश तासभर. याखेरीज सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी दीड-दीड किलोमीटर पोहते. जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावले. सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ, म्हणजे घाटातली अर्धमॅरेथॉन, करायची आहे, आणि यवतेश्वरचा घाट ज्यांनी धावत चढला आहे त्यांना हे सांगायला नको की तिथे अर्ध्यामुर्ध्या तयारीने गेल्यास काय होते.

माझी नऊ वर्षांची मुलगी ज्युदो शिकते. तिला सोडून दीड तास बाकावर बसण्यापेक्षा शेजारच्या चटईवर मोठ्यांच्या तुकडीत उतरा, असे तिच्या सरांनी दोन-तीनदा सुचवले आणि महिन्यापूर्वी मी खरोखरच उतरले. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सात ते साडेआठ. पहिले सहा वर्ग निव्वळ पडण्यात गेले. मागे पडायचे, डावीकडे पडायचे, उजवीकडे पडायचे, हनुवटी छातीला चिकटवून नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची आणि अंग जमिनीला टेकण्याच्या क्षणी तळहातापासून कोपरापर्यंतचा हात चटईवर आपटायचा. मुलगी पलीकडून माझ्या चुका मोजत होती. तरीही मला हा प्रकार मनापासून आवडला आहे, आणि तो सोडायचा नाही हे ठरलेले आहे.

अडचण अशी की सव्वाचार तास सलग धावलेली मी दोन मिनिटांच्या रँडोरीत, म्हणजे मोकळ्या झटापटीत, धापा टाकत खाली बसते. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत हात इतके आखडलेले असतात की फळ्यावर खडू धरवत नाही. मान दुखते, पोहताना खांदे उचलवत नाहीत, आणि गेल्या दोन रविवारी नेहमीच्याच गतीला नाडीचे ठोके मिनिटाला १० ते १२ ने जास्त होते.

तेव्हा विचारायचे आहे ते असे: सप्टेंबरची शर्यत हातची न घालवता आठवड्याला तीन दिवस ज्युदो शक्य आहे का, आणि नसेल तर नेमके काय कमी करावे? दुखापतीची भीती कितपत खरी आहे? शेवटचा प्रश्न माझ्या कोल्हापूरच्या मामांच्या वतीने, कारण ते रोज फोनवर एकच सांगतात की परक्यांची कुस्ती कसली शिकतेस, शिकायचे तर आपल्या तालमीतले शिक. त्यांना काय उत्तर द्यावे?

जुनी गी

टेकडीवाली ताई, मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून सोळा वर्षे ज्युदो खेळलो, मध्ये बराच काळ सुटला, आणि आता बावन्नाव्या वर्षी सायकलवर लांब पल्ले मारत मारत पुन्हा चटईवर उतरलो आहे. म्हणजे तुमच्या नेमकी उलट वाट.

दमण्याचे आधी सांगतो, कारण नवीन आलेला प्रत्येक धावपटू यानेच गांगरतो. तुमचा दमसास कुठेही गेलेला नाही. समोरच्याची गी, म्हणजे ज्युदोचा जाड अंगरखा, धरली की नवशिक्याचे दोन्ही हात खुंट्यासारखे ताठ होतात, मुठी सुटता सुटत नाहीत आणि श्वास कोंडला जातो. त्यामुळे आखडलेल्या स्नायूंना रक्त नीट मिळत नाही आणि दोन मिनिटांत हाताची लाकडे होतात. धावताना ज्या दमसासावर तुम्ही चार तास काढता तो इथे वापरलाच जात नाही. यावर उपाय असा की मूठ करंगळी आणि अनामिकेच्या जोरावर धरावी, तर्जनी सैल ठेवावी, कोपरे शरीराजवळ आणावीत, आणि प्रत्येक प्रयत्नाबरोबर तोंडाने ऐकू येईल असा श्वास सोडावा. हे जमायला तीन-चार महिने लागतात, पण जमले की खडू धरता येईल.

आता मुख्य मुद्दा. धावणे, पोहणे, सायकल या सर्वांत अंगावर किती भार घ्यायचा हे आपण ठरवतो. पाय जड वाटले तर गती कमी करतो, फारच झाले तर रिक्षा करून घरी येतो. ज्युदोत तुमच्यावर येणारा भार समोरचा माणूस ठरवतो. तुम्ही रविवारी २४ किलोमीटर धावून सोमवारी चटईवर आलात हे त्याला ठाऊक नसते, आणि तो एकोणीस वर्षांचा, पुढच्या महिन्यात स्पर्धेला जाणारा मुलगा असेल तर ठाऊक असूनही उपयोग नाही. म्हणून तुमच्या वेळापत्रकात किलोमीटरच्या आकड्यापेक्षा दोन गोष्टींना अधिक किंमत आहे: चटईवर किती ताजेतवाने जाता आणि कोणाशी झटापट करता. पहिल्या सहा महिन्यांत मोठ्या पट्ट्याचा, तिशी ओलांडलेला आणि तुमच्याहून दहा किलोपेक्षा जास्त जड नसलेला भिडू निवडा. मोठ्या पट्ट्याचा माणूस टाकतो तेव्हा तुमची बाही शेवटपर्यंत धरून ठेवतो, त्यामुळे तुम्ही सावकाश आणि सरळ पाठीवर उतरता. पांढऱ्या पट्ट्याचा, म्हणजे नवशिका, माणूस टाकतो आणि स्वतःही तुमच्यावर येऊन पडतो. मोडतोड होते ती बहुतेक वेळा इथेच.

आणि नाही म्हणायला शिका. ‘सर, आज फक्त उचिकोमी करते,’ एवढे एक वाक्य पुरते. उचिकोमी म्हणजे न टाकता डावात शिरण्याचा सराव. तो शंभर वेळा केला तरी दुसऱ्या दिवशीची धाव बिघडत नाही.

तीन दिवसांबाबत माझे मत स्पष्ट आहे: सप्टेंबरपर्यंत दोन दिवस करा. वेगाचा मंगळवारचा सराव सोडा, टेकडी आणि रविवार ठेवा. साताऱ्याला चढ-उतारच कामी येणार आहे, आणि स्फोटक जोराचे जे काम मंगळवारी करत होता ते ज्युदोत आपसूक होते.

एक आगाऊ सूचना. पडायला शिकलेले लोक डोंगरावर घसरले की सवयीने हात आपटतात. चटईवर त्याने धक्का पसरतो, दगडांवर तळहात फुटतो. बाहेर पडाल तेव्हा हनुवटी आत, पाठ गोल, आणि हात पोटाशी.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे धावपटूही येतात आणि ज्युदो-कुस्तीचे खेळाडूही, त्यामुळे वरील प्रतिसादाशी बव्हंशी सहमत होत काही भर घालतो. ज्यांना मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही त्यांच्या मानेबद्दल मी इथे निदान करणार नाही. दुखणे हातात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर आधी दाखवून घ्या.

सहनशक्ती आणि ताकद एकाच वेळी वाढवताना एक दुसरीच्या आड येते का, हा जुना प्रश्न आहे. १९८० साली रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने १० आठवडे तीन गटांना वेगवेगळा व्यायाम दिला: एकाला फक्त ताकदीचा, दुसऱ्याला फक्त दमसासाचा, तिसऱ्याला दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद सुरुवातीचे काही आठवडे पहिल्या गटाइतकीच वाढत गेली, मग थबकली आणि शेवटी थोडी घसरली. दमसास मात्र ताकदीच्या व्यायामाने कमी झाला नाही. तो व्यायाम अतिशय कडक होता, आठवड्याचे बहुतेक दिवस दोन्ही, त्यामुळे हौशी खेळाडूला तो जसाच्या तसा लागू करू नये. परंतु त्यातून टेकडीवाली यांच्यासाठी निघणारी गोष्ट अशी की ज्युदोमुळे त्यांची मॅरेथॉनची क्षमता नाहीशी होईल ही भीती अनाठायी आहे. उलट धावण्याचा शीण ज्युदोच्या आड येईल, कारण ज्युदो हे कौशल्य आहे आणि थकलेल्या शरीराने शिकलेले कौशल्य वाकडे शिकले जाते. दमलेला माणूस हनुवटी आत घ्यायला विसरतो. ज्या दिवशी ज्युदो असेल त्या दिवशी सकाळी कष्टाची धाव नसावी, आणि असलीच तर मध्ये निदान सहा तास आणि एक नीट जेवण असावे. तुमच्या वेळापत्रकात मला खटकतो तो सोमवार: रविवारचा लांब पल्ला, सोमवारी सकाळी पोहणे आणि त्याच संध्याकाळी चटई. सोमवारचा वर्ग सोडा. बुधवार आणि शुक्रवार ठेवा, आणि शुक्रवारचे पोहणे शनिवारी ढकला.

स्नायू काही आठवड्यांत नव्या कामाला सरावतात, स्नायुबंध आणि कंडरा यांना कितीतरी महिने लागतात. सहा वर्षे धावल्याने तुमचे हृदय आणि पोटऱ्या तयार आहेत, पण बोटे, कोपरे, खांद्याचा सांधा आणि मान एक महिन्याची आहेत. धावपटूंची फसगत इथेच होते. दम आहे म्हणून ते एकामागून एक फेऱ्या मागत राहतात, आणि दम शाबूत असताना बोटाचा सांधा जातो. मानेसाठी रोज पाच मिनिटे द्या: तळहात कपाळावर, मग डोक्यामागे, मग दोन्ही बाजूंना ठेवून मान न हलवता हलका दाब, प्रत्येकी १० सेकंद.

डोक्याच्या दुखापतीबद्दल गंभीरपणे लिहितो. जपानमध्ये १९८३ नंतरच्या तीन दशकांत शालेय ज्युदोत शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले, आणि त्यांतील मोठा भाग डोक्याला मार लागल्याचा होता. बळी पडणारे बहुतांशी नवशिके होते आणि ओसोतोगारी हा मागे पाडण्याचा डाव वारंवार कारणीभूत आढळला, कारण त्यात डोके थेट मागे जाते. म्हणून तुम्हाला जे सहा वर्ग फक्त पडायला शिकवले गेले ते वाया गेले असे समजू नका; उलट ज्या वर्गात पहिल्या आठवड्यात टाकायला शिकवतात तिथून निघून यावे. डोके आपटले आणि त्यानंतर डोकेदुखी, मळमळ, अंधारी किंवा गोंधळल्यासारखे वाटले, तर त्या दिवशी खेळ बंद, डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत धावणेही बंद.

दोन गोष्टी ज्यांबद्दल फारसे कोणी बोलत नाही. पहिली: तीन संध्याकाळी व्यायाम वाढला, पण जेवण तितकेच राहिले, असे बायकांच्या बाबतीत मी नेहमी पाहतो, त्यात वजनगटाचा विचार डोक्यात शिरला तर विचारायलाच नको. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या सापेक्ष ऊर्जा-तुटीवर स्वतंत्र निवेदन काढले. पाळी लांबणे किंवा बंद होणे, वारंवार आजारी पडणे, पायाच्या हाडात एका जागी टोचरे दुखणे ही तिची चिन्हे आहेत. नाडीचे वाढलेले ठोके नुसत्या शिणाचेही असू शकतात, कमी खाण्याचेही. संध्याकाळचा वर्ग साडेआठला संपतो आणि घरी जाऊन स्वयंपाक करून नऊ-साडेनऊला अर्धी पोळी खाल्ली जाते, हे आधी सुधारा. वर्गाआधी साडेपाचला काहीतरी पोटात असू द्या. दुसरी: गी प्रत्येक वेळी धुवा, घरी पोहोचताच अंघोळ करा आणि गजकर्णाचा चट्टा दिसला तर तो बरा होईपर्यंत चटईवर आणि तलावात उतरू नका.

एकवीस पूर्णांक एक

सर्वांनी ‘जमेल’ असे म्हटले आहे, म्हणून न जमलेल्या माणसाचे म्हणणेही असू द्यावे.

मी ४१व्या वर्षी, तीन अर्धमॅरेथॉन आणि एक ट्रायथलॉन पदरी असताना, एका ज्युदो वर्गात गेलो. वर्गाचे आणि शहराचे नाव सांगत नाही, त्यांचा दोष होता असेही म्हणत नाही. पाचव्या महिन्यात, गोव्यातील ७०.३च्या शर्यतीला सोळा दिवस उरले असताना, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असलेल्या शर्यतीच्या तोंडावर, मी रँडोरीला उभा राहिलो. समोरचा माझ्याच वयाचा, माझ्याच पट्ट्याचा. त्याने खांद्यावरून टाकण्याचा प्रयत्न केला, तो अर्ध्यात फसला, आणि मी पडायच्या ऐवजी हात लांब करून जमीन धरायला गेलो. गळ्याच्या हाडाच्या टोकाशी खांद्याचा सांधा निखळला. बारा आठवडे. भरलेले शुल्क, काढलेले तिकीट, आरक्षित केलेली खोली, सगळे पाण्यात गेले, आणि बायकोने एका शब्दाने टोमणा मारला नाही, तेच जास्त लागले.

चूक कुठली ते मला ठाऊक आहे. शर्यतीआधीच्या शेवटच्या सहा आठवड्यांत मी झटापट पूर्ण थांबवायला हवी होती. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की दोन्हीकडे आपली प्रगती मोजणाऱ्या माणसाला असे थांबवत नाही. मला पट्टाही हवा होता आणि वेळही कमी करायचा होता. टेकडीवाली, तुमच्या लिखाणात ठोके, किलोमीटर, वर्गांची संख्या हे सगळे मोजलेले दिसते, म्हणून सावध करतो. मी आता आठवड्यातून दोनदा कराटेच्या काता, म्हणजे एकट्याने करायच्या ठरावीक हालचाली, करतो. त्यात समोर कोणी नसतो, त्यामुळे जखम होत नाही, आणि खरे सांगायचे तर ती मजाही नाही.

तांबडी माती

मामांच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण मी कोल्हापूरच्या एका तालमीत आठ वर्षे काढली आहेत.

मामांचा अभिमान रास्त आहे, पण तालीम म्हणजे काय हे त्यांनी भाचीला पुरते सांगितलेले दिसत नाही. तालमीत दिवस पहाटे चारला सुरू होतो. फावड्याने हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, उकरायचा, ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर खाल्लेली ती माती भुसभुशीत करायची, मग लढती, मग जोर, बैठका, सपाटे. जोर शेकड्यात मोजतात. मग खुराक, झोप, आणि दुपारी पुन्हा मेहनत. पोरगा तिथेच राहतो, तिथेच रांधतो, वस्ताद सांगेल तेव्हाच गावाला जातो. ही जोडीला घेण्याची गोष्ट नाही; तिच्या जोडीला दुसरे काही घेता येत नाही. मॅटवरच्या कुस्तीची केंद्रे आता आहेत, मुलींसाठीही आहेत, आणि महिलांची कुस्ती २००४पासून ऑलिम्पिकमध्येही आहे. पण ३७व्या वर्षी नव्याने येणाऱ्या नोकरदार बाईला सांभाळून शिकवणारी तुकडी तिथे सापडणे कठीण. ज्युदोत पडण्यापासून पट्ट्यांपर्यंत नवख्यासाठी पायऱ्या बांधलेल्या आहेत. ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे मुळात शिक्षक होते आणि १८८२ साली त्यांनी कोदोकान हे ज्युदोचे विद्यालय सुरू केले ते शिक्षण म्हणूनच. ते त्यात दिसते.

मामांना एवढे जरूर सांगा की ज्यांचे नाव घेऊन ते बोलत असतील ते खाशाबा जाधव एकाच खेळाला चिकटून बसलेले नव्हते. गोळेश्वरचे हे पहिलवान धावणे, पोहणे, वजन उचलणे, हातोडाफेक या सगळ्यांत उतरत. १९४८ला लंडनमध्ये, सारा सराव मातीवरचा असताना, त्यांनी मॅटवर सहावा क्रमांक मिळवला आणि १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक. तेव्हा जमीन बदलली म्हणून पहिलवान बिघडत नाही.

मात्र ज्युदोत एक गोष्ट मामांना मुळीच आवडणार नाही, ती आधीच सांगून ठेवतो. स्पर्धेत पट काढता येत नाही. २०१० साली पायांना हात लावण्यावर बंधने आली आणि २०१३मध्ये ते पूर्ण बंद झाले. आमच्याकडे एकेरी पट हा पोराला शिकवायच्या पहिल्या डावांपैकी, आणि तिकडे त्यावर दंड. मी हौसेने महिनाभर ज्युदोला गेलो होतो. दर दोन मिनिटांनी सर ओरडत, ‘पाय सोडा!’

‘जुनी गी’ यांच्याशी एका बाबतीत माझे पटत नाही. आठवड्यातून दोनदा करून अंगात काही मुरत नाही. डाव हा रोजच्या रगड्याने बसतो. दोन दिवस करायचे असतील तर वर्षभराने ताईंना असे वाटेल की आपण अजून पहिल्याच महिन्यात आहोत. आणि खुराकाचा नाद करू नका, तो हजार जोर मारणाऱ्यांसाठी आहे. दूध, अंडी, डाळ, भाकरी पोटभर असली की झाले.

जुनी गी

‘तांबडी माती’ यांचा आक्षेप योग्य आहे, तेव्हा माझे मत थोडे दुरुस्त करतो. बारा महिने दोनच दिवस, असे मला म्हणायचे नव्हते. वर्षाचे तुकडे पाडावेत. सप्टेंबरची शर्यत झाल्यावर दोन महिने धावणे निम्म्यावर आणून ज्युदो तीन दिवस करावा, त्या काळात रगडून घ्यावे, आणि जानेवारीची तयारी सुरू झाली की पुन्हा दोनवर यावे. दोन्ही खेळ एकाच महिन्यात चढत्या भाजणीने नेऊ नयेत. एक वाढत असताना दुसरा नुसता टिकवायचा. टिकवायला फार लागत नाही, वाढवायला लागते.

आणि ‘एकवीस पूर्णांक एक’, तुमच्या खांद्याबद्दल वाईट वाटले. शर्यतीआधी सहा आठवडे रँडोरी बंद, ही अट मी माझ्या सल्ल्यात घालायला हवी होती. ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीच्या, आधी मी ती स्वतः पाळतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते आणि मोडक्या बोटाने ब्रेक दाबत ते अंतर काढणे कसे असते, ते मला एकदाच कळले, तेवढे पुरे झाले.

टेकडीवाली

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. पिवळ्या पट्ट्याची परीक्षा ऑगस्टच्या अखेरीस आहे, म्हणजे नेमकी सहा आठवड्यांच्या बंदीत. ती द्यावी का? ‘एकवीस पूर्णांक एक’ यांचा मोजमापाबद्दलचा टोला अचूक बसला आहे, तेव्हा कृपया उत्तर देताना माझ्या उत्साहाचा विचार करू नये.

जुनी गी

सरांना विचारा. सुरुवातीच्या पट्ट्यांना बहुतेक ठिकाणी पडणे, दोन-चार डाव आणि जमिनीवरची एखादी पकड करून दाखवायची असते, भिडू ठरलेला असतो आणि तो विरोध करत नाही. तसे असेल तर खुशाल द्या. झटापट असेल तर ऑक्टोबरात द्या, पट्टा कुठे पळून जात नाही.

टेकडीवाली

ऑगस्ट संपत आला आहे, म्हणून कळवते.

सोमवारचा वर्ग सोडला, बुधवार-शुक्रवार ठेवले, मंगळवारचा वेगाचा सराव बंद केला आणि शुक्रवारचे पोहणे शनिवारी नेले. पहिले दोन आठवडे मंगळवारी सकाळी पाच वाजता आपोआप जाग येऊन मी उगाचच अपराध्यासारखी पडून राहत असे. ठोके मे महिन्यात पूर्ववत झाले. त्यात वेळापत्रकाचा वाटा किती आणि संध्याकाळी साडेपाचच्या दोन अंडी-पोळीचा किती, हे वेगळे काढता आलेले नाही, कारण दोन्ही एकदमच सुरू केले. गणिताच्या शिक्षिकेला हे शोभत नाही, हे मान्य आहे.

झटापट मी दोघांशीच करते. एक ४४ वर्षांच्या, तपकिरी पट्ट्याच्या बाई आहेत, ज्या मला टाकताना बाही इतकी घट्ट धरतात की पडल्यावरही मी अर्धी हवेतच असते. दुसरा सरांचा जुना विद्यार्थी. स्पर्धेची तयारी करणारी मुले विचारायला येतात तेव्हा मी उचिकोमीचे वाक्य म्हणते. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली होती. मुठीचे जमू लागले आहे, करंगळीकडून धरल्यावर खडू हातातून पडत नाही.

जुलैत टेकडीच्या उतारावर ओल्या गवतावरून घसरले आणि, ‘जुनी गी’ यांनी बजावले होते तरीसुद्धा, खाडकन हात आपटला. तळहातात खडे रुतले, दोन दिवस पट्टी होती. मुलीने पट्टी बांधून देताना विचारले की हनुवटी आत होती का. होती.

जुलैच्या अखेरीपासून रँडोरी बंद आहे. परीक्षेत झटापट नाही, हे सरांनी सांगितले, म्हणून परवा शुक्रवारी ती देत आहे, आणि त्यासाठी या रविवारचा २० किलोमीटरचा पल्ला १४ वर आणला आहे. मामा परीक्षा बघायला येणार आहेत. पट काढू नये हे त्यांना आधीच सांगितले आहे. ते म्हणाले, मग टाळ्या कशाला वाजवायच्या?